मिनिटाला किती शब्द

टॅब येणार हे मी मुलांना सोमवारी सांगितलं आणि त्यानंतर गुरुवारपर्यंत त्यांनी मला धड काही शिकवू दिलं नाही. टॅब केवढा असतो, त्याला वायर असते का, चुकलं तर तो ओरडतो का. तिसरीतल्या एकानं विचारलं, "गुरुजी, त्याले गोरबोली समजते का?"

"नाही. मराठीच समजते."

"मंग आपल्या तांड्यावर त्याले करमन कसं?"

वर्ग हसला. मीही हसलो. मथुरा, माझी बायको, उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून शाळेत माझं हसणं कमीच झालं होतं. मुलं थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागली, मग मी फळ्याकडे वळलो.

आर्णीहून आत वळलं की आमचा बंजाऱ्यांचा तांडा लागतो, मुलांच्या घरी बोलतात ती त्यांची गोरबोली. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन, शिक्षक मी एकटा. यंदा चाचणीची पद्धत बदलली होती. अर्धी चाचणी संगणकावर. मुलानं कानाला हेडफोन लावायचा, टॅबवर येईल तो उतारा मोठ्यानं वाचायचा. यंत्र ऐकणार, मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते मोजणार आणि रंग देणार. हिरवा म्हणजे मूल इयत्तेप्रमाणे वाचतं, पिवळा म्हणजे थोडं मागे, लाल म्हणजे फार मागे. उरलेली अर्धी चाचणी माणसानं घ्यायची. वाचलेलं समजलं का ते तोंडी विचारायचं, काही हातानं करून दाखवायला लावायचं, वर्षभराचं काम बघायचं. दोन्ही बाजू एकाच कार्डावर. मला ही पद्धत पटली होती. इतकी वर्षं नुसत्या पेपरवर मुलं मोजली, त्यापेक्षा हे बरं.

बुधवारी शाळा सुटताना शाम आला. शाम म्हणजे चौथीतल्या पायलचा बाप. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको संगीता ऊसतोडीला जातात, ते थेट उन्हाळ्यात परत येतात.

"गुरुजी, रविवारी ट्रक येते," तो म्हणाला. "यंदा पायलले नेतो म्हनतो."

"काहून? मांगच्या साली त आजीपाशी राह्यली होती."

"मांगच्या साली लहान्या पोटात होता. आता फडावर त्याले कोन पाहीन?"

मागच्या वर्षी पायलला ठेवून घ्यायचं काम मथुरानं केलं होतं. संगीताजवळ चुलीपुढे बसून, पोळ्या लाटता लाटता, दोन दिवसांत तिनं ते जमवलं. मला तसं बोलता येत नाही. मी सरळ म्हटलं, "शाम, पोरगी हुशार हाये. आता नेली त पाचवी गेली तिची."

शाम उंबऱ्यावर टेकला. "गुरुजी, राग नका मानू. तुमी आजलोक कोन्या पोराले ढ म्हनलं का?"

"नाही."

"मंग. सगळ्यायलेच शाबास म्हनता. तुमचा सोभावच तसा. मले कसं समजन, माही पोट्टी खरंच हुशार हाये का तुमाले तिची दया येते?"

त्यानंच पुढे तोड काढली.

"उद्या तो कम्प्युटर येऊन राह्यला ना? तो कोनाचा सोयरा नाही. त्यानं हिरवं म्हनलं त राहू द्या तिले आजीपाशी. नाही म्हनलं त माह्यासंगं येईन. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं. एका क्षणात म्हटलं. पायल तिसरीपासूनच हातात येईल ते वाचते. खताच्या पोत्यावरचं वाचते, निवडणुकीच्या भिंतीवरचं वाचते. मी गाडीला किक मारली आणि आर्णीला घरी पोचेपर्यंत मला रस्त्यातले खड्डे जाणवले नाहीत.

गुरुवारी मी पोचलो तेव्हा अख्खी शाळा अंगणात उभी होती. केसांना तेल, हात धुतलेले, एकानं तर दिवाळीचा शर्ट घातलेला, घडीची रेघ तशीच. केंद्रप्रमुख राखी मॅडम जीपमधून पेटी घेऊन उतरल्या. पायलची आजी रुक्माबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन पुढे आली.

"आजी, हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"पयल्यानं आला ना बाप्पा. पाव्हना हाये."

"पेटीला लावा. आतल्याला नका लावू, बिघडेल."

रुक्माबाईनं पेटीला बोट लावलं आणि विचारलं, "जेवते का तो?"

"चार्जिंग खातो," मॅडम म्हणाल्या, आणि तांड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

वर्गात चार टॅब मांडले. पहिल्या मुलानं हेडफोन लावला, मॅडमनी बटण दाबलं, मुलानं वाचायला सुरुवात केली. त्यानंतर मॅडम माझ्याकडे वळल्या.

"खोब्रागडे सर, हा वाचतोय की गातोय?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग मी कान देऊन ऐकलं. आमची मुलं चालीवर वाचतात. प्रत्येक वाक्याचा शेवट लांबवायचा, वर उचलायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचं वाक्य. ही चाल मथुराची. ती घरी एकटी कंटाळायची म्हणून आठवड्यातून एकदोनदा माझ्या गाडीवर मागे बसून शाळेत यायची, पहिलीच्या मुलांत मांडी घालून बसायची. मुलांच्या घरात मराठी नाही, पुस्तक पुढे धरलं की तोंडं मिटायची. मथुरा बुद्धजयंतीला, चौदा एप्रिलला गाणी म्हणणारी बाई. तिनं धडाच चालीवर घेतला. एकटं बोलायला लाजणारं पोर सगळ्यांबरोबर गायला लाजत नाही. सहा महिन्यांत पहिली वाचायला लागली. ती पहिली आता चौथी झाली होती. मला ती चाल इतकी सवयीची झाली होती की मी ती ऐकणंच सोडलं होतं.

यंत्राला सवय नव्हती. पहिल्या मुलाचा रंग लाल. दुसऱ्याचा लाल. तिसऱ्याचा पिवळा, कारण त्याला सर्दी होती आणि गाता येत नव्हतं.

पायल चौथी. तिनं वेणी मागे टाकली, हेडफोन नीट बसवला आणि वाचलं. एकही शब्द चुकला नाही. प्रत्येक ओळीच्या टोकाला सूर वर गेला, थांबला, खाली आला. मिनिट संपलं तेव्हा उतारा अर्ध्याच्याही अलीकडे होता. चौथीला साठ शब्द हवेत. तिचे अठ्ठावीस भरले.

टॅबवर लाल रंग आला.

मॅडमनी लगेच दुसरी बाजू घेतली. उताऱ्यातला मेंढपाळ का घाबरला, कुत्र्यानं काय केलं, तू असतीस तर काय केलं असतंस. पायल म्हणाली, "मी मेंढ्या मोजल्या नसत्या. आदी आग विझवली असती." मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या आणि कार्डाच्या उजव्या बाजूला भराभर लिहिलं.

"सर, मुलगी छान आहे. पण यंत्र फक्त वेग मोजतं. आवाज नीट नोंदला गेला नाही अशा मुलांना उद्या एक संधी देता येते. मी तसं लिहिते. सगळ्यांनाच लिहिते, खरं तर."

शाम दारातच होता. "काय म्हनलं?"

"लाल," मी म्हटलं.

तो हसला नाही, मी म्हनलं होतं ना, असंही म्हणाला नाही. पायलकडे बघून मान हलवली आणि निघाला. त्याला हिरवंच ऐकायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी त्याच्या मागे गेलो.

"शाम, उद्या आनखी एक बार हाये."

"कम्प्युटर बात बदलते का?"

"कम्प्युटर नाही बदलत. पोरगी बदलन."

संध्याकाळी मी आर्णीला गेलोच नाही. शाळा सुटल्यावर पायलबरोबर तिच्या घरी गेलो. अंगणात ट्रकची तयारी चालली होती. ताडपत्री, भांडी, दोन कोयते, गोधड्यांचं गाठोडं. संगीतानं मला बाज टाकून दिली आणि चहा ठेवला. शाम कोयत्याला धार लावत बसला होता आणि आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवत होता.

मी पायलला पुस्तक दिलं. "बाईची चाल सोड. सरळ वाच. बोलल्यासारखं."

"मंग वाचू कसं?"

"अगं, चाल नाही लावायची. नुसतं वाचायचं."

तिनं प्रयत्न केला. पहिलाच शब्द अडला. दुसरा अडला. तिसऱ्याला ती मागे गेली. जी पोरगी खताचं पोतं वाचते ती "नदीच्या काठावर" या दोन शब्दांत तीनदा थांबली. मी म्हटलं, पुन्हा. तिनं पुन्हा केलं, आणखी वाईट झालं. तिच्या डोक्यात वाचणं आणि चाल वेगळं नव्हतंच. मी तिच्या हातून चाल काढून घेत होतो आणि चालीबरोबर अक्षरंही येत होती. मलाही ते ऐकवत नव्हतं. मथुराचा आवाज आता कुठे आहे म्हटलं तर या दहा-बारा मुलांच्या तोंडात आहे, आणि मी बाजेवर बसून म्हणत होतो, सोड ती, सोड.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "तुझ्या मनासारखं वाच एकदा."

तिनं चालीवर वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि शामनं कोयता खाली ठेवला.

"असं कोन म्हनते? इतकं हळू?" तो म्हणाला. "पाय उचलाच्या आदी लोकं झोपून जातीन."

संगीता चुलीपाशी फिसकन हसली. "झालं. डफवाले उठले."

शाम होळीला डफ वाजवतो. तांड्यावरची लेंगी, म्हणजे होळीचं नाचाचं गाणं, त्याच्या हाताशिवाय उभं राहत नाही. त्यानं शेजारची रिकामी बादली उपडी केली आणि बोटांनी ठेका धरला. जलद. पायलनं त्याच्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि पहिली ओळ त्या ठेक्यावर टाकली. शब्द उड्या मारत बाहेर आले.

"थांबू नको शेवटाले," शाम म्हणाला. "तिथं श्वास घेतला की नाचनारा पडते. पुढचं उचल."

"याडी, बापूले सांग ना, शिकवून राह्यले," पायल आईकडे बघून म्हणाली.

"वाच मुकाट्यानं," संगीता म्हणाली. "आजलोक ह्यायनं कोनाले काही शिकवलं नाही. पयलीच बारी हाये."

पायल वाचत गेली. मी उठून उभा राहिलो, मला बसवेना. मी मोबाइलवर मिनिट लावलं. पन्नास. पुन्हा. पंचेचाळीस, कारण ती हसली. पुन्हा. बावन्न. रुक्माबाई दोन्ही हातांनी टाळ्या देत होती, लहान्या तिच्या मांडीवर उसळत होता, शेजारच्या घरातली मुलं कुडावर चढून बसली होती आणि तीही ओठ हलवत होती. ओळीच्या टोकाला सूर अजून थोडा वर जात होता, अगदी थोडा, आणि लगेच पुढच्या शब्दावर पडत होता. ते मला ऐकू आलं. बाकी कोणाला आलं नसेल.

चहा उकळून अर्धा झाला तेव्हा संगीतानं कपात ओतला आणि नवऱ्याला म्हणाली, "बादली द्या. पानी आनाचं हाये मले."

शुक्रवारी उतारा नवा होता. रानातलं पाणी आटतं आणि हरणं दूरच्या तळ्याकडे निघतात, असा काहीतरी. आदल्या दिवशीचा पाठ केलेला चालणार नव्हता. पायलनं हेडफोन लावला. वर्गात शांतता हवी, बादली वाजवून चालणार नव्हतं, हे शामला मी सकाळीच सांगितलं होतं. "मी कायले येऊ," तो म्हणाला होता.

मॅडमनी बटण दाबलं. पायलनं पहिली ओळ वाचली, दुसरीला तिचा पाय जमिनीवर हलायला लागला, तिसरीला "तळ्याच्या" या शब्दावर ती अडकली आणि ठेका गेला. जुनी संथ चाल परत यायला लागली. तेवढ्यात तिची नजर वर गेली, खिडकीकडे, आणि ओळ पुन्हा धावायला लागली.

खिडकीच्या गजांबाहेर शाम उभा होता. उजव्या हाताची बोटं त्यानं आपल्याच छातीवर ठेवली होती आणि शर्टावर ठेका धरला होता. आवाज अजिबात नव्हता.

मॅडमनीही बघितलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ते काय करतायत? काही सांगतायत का तिला?"

"ठेका धरून राह्यला," मी हळूच म्हटलं.

"उत्तर वगैरे?"

"मॅडम, त्याले वाचता येत नाही."

मॅडमनी एकदा खिडकीकडे, एकदा पायलकडे बघितलं आणि शामला तिथंच उभं राहू दिलं. पायल एक डोळा अक्षरांवर आणि एक बापाच्या बोटांवर ठेवून वाचत होती. हरणं चालत होती, तळं जवळ येत होतं, आणि बाकीची मुलं, मी घसा कोरडा होईपर्यंत गप्प बसा म्हटलेली मुलं, आवाज न करता मांडीवर बोटं आपटत होती. मिनिट संपलं. टॅबवर गोल फिरायला लागलं. गोल बराच वेळ फिरलं, कारण आमच्या शाळेत नेटवर्क येतं न येतं. शेवटी मॅडम टॅब हातात धरून पाण्याच्या टाकीकडे निघाल्या, तिथं येतं. मागे मी, मागे पायल, मागे शाळा, मागे निम्मा तांडा. शाम सगळ्यांच्या पुढे.

टाकीखाली टॅबवर रंग आला. पिवळा. चोपन्न शब्द.

मला वाटलं, संपलं. हिरवं म्हटलं होतं.

"हे काहून पिवळं?" शाम म्हणाला.

"सहा शब्द कमी पडले," मॅडम म्हणाल्या. "काल अठ्ठावीस होते, एका दिवसात ती—"

"कमी कायचे? मी खिडकीत उभा होतो. कुठी सुटली ते सांगा."

"तुम्हाला वाचता येतं का, दादा?"

"नाही येत. पन ठेका माहा होता ना. पुरं वाचलं तिनं. त्या तळ्यापाशी एक बार अडकली, ते मीबी मानतो. बाकी एक शब्द सुटला असता त ठेका सुटला असता. नाही सुटला. ईचारा कोनालेबी."

"नाही सुटला," मागून दोघातिघांनी सांगितलं.

"यंत्राला ठेका कळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग त्याले कळते काय?"

मॅडमना हसू आलं. त्यांनी कार्ड उलगडलं. "म्हणून तर ही दुसरी बाजू आहे. आता हिला चार प्रश्न विचारते, तुम्ही ऐका." आणि तिथंच, टाकीच्या ओलीवर उभं राहून, त्यांनी विचारलं. हरणं का निघाली, वाटेत कोण मागे राहिलं, कळप त्याच्यासाठी थांबला ते बरोबर केलं का. पायलनं सगळं सांगितलं. शेवटच्या प्रश्नावर तिनं विचार केला आणि म्हणाली, "बरोबर केलं. पन पानी दिसल्यावर थांबाले पायजे होतं. मंग त्याले वासानंच ताकद आली असती."

शाम ऐकत होता. मॅडम लिहीत होत्या.

"हे तुमी काय लिवलं?"

"समजून वाचते. स्वतःचा विचार करते. उत्तम."

"तुमी ऐकून लिवलं ना?"

"हो."

"मीबी ऐकलं." शामनं बोट टॅबकडे केलं. "आपन दोघं झालो. तो एकटा."

टाकीखालची सगळी माणसं हसली, रुक्माबाई सगळ्यात मोठ्यानं. संगीता मात्र हसली नाही. लहान्याला कडेवर घेऊन ती नवऱ्यासमोर आली.

"मंग काय करता ते सांगा. नेऊन राह्यले का नाही? मले गाठोडं बांदाचं हाये."

शामनं पायलकडे बघितलं. पायल टॅबच्या काचेवरचा आपला बोटाचा डाग फ्रॉकनं पुसत होती.

"लहान्याले पाठीशी बांधशीन?"

"माह्या याडीनं मले तसंच नेलं. मी मेली का?"

"मंग तिची गोधडी काढ," शाम म्हणाला. "आजीपाशी राहीन ते."

मी रविवारी सुट्टी असूनही तांड्यावर गेलो. ट्रक भरला, माणसं वर चढली, शाम फळीवर बसला. जाताना त्यानं वरून सांगितलं, "गुरुजी, रोज संध्याकाळी फोन लावतो. तिले पान वाचाले लावा. स्पीकर चालू ठेवा."

मला वाटलं होतं, दोन दिवस लावील. पण बुधवारी मी हे लिहितो आहे, आणि रोज फोन आला. शाळा सुटली तरी मी थांबतो. आर्णीला जाऊन तरी काय करायचं असतं. पायल टाकीखाली माझा मोबाइल दगडावर ठेवते आणि वाचते. आज तिनं एक पान संपवलं आणि पलीकडे गडबड ऐकू आली, भांड्यांची, माणसांची, कोणीतरी कोणाला हाक मारल्याची.

"थांब, थांब," शामचा आवाज आला. "वणीकडचे ट्रकवाले आता आले. त्यायनं ऐकलं नाही. पयल्यापासून घे."

पायलनं माझ्याकडे बघून कपाळावर आठ्या आणल्या, आणि पान मागे उलटलं.